घरात विचारून सांगतो

गेल्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसकडे जे काम आलं ते ऐकूनच मी म्हटलं, चला, आता डोंगरात जाऊन लोकांच्या शिव्या खायच्या. इथे ओमानच्या खेड्यांत पाणीवाटपाच्या जुन्या मंडळ्या आहेत. त्यांतल्या कोणत्यांची रीतसर संस्था करायची आणि कोणत्या बरखास्त करून खोऱ्यातल्या मोठ्या संघात घालायच्या, याचा एक नियम येऊ घातला होता. मसुदा वरून तयार होऊन आला होता. तो गावात नेऊन कसा बसतो ते बघायचं आणि शिफारस करायची, एवढंच आमचं काम. मी पाण्याची इंजिनिअर, आणि बरोबर ऑफिसातला एक ओमानी वकील. वयाने माझ्याहून बराच लहान, हुशार, पण खरं बोलायची नको तितकी सवय.

मी मूळची रायगडातली. मस्कतमध्ये अल् घुब्राला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. दोन वर्षांसाठी म्हणून आले होते. इथे सगळेच दोन वर्षांसाठी येतात, आणि मग त्यांची मुलं इथल्या शाळेतून बारावी होतात.

आम्हाला दिलेलं गाव सूर बंदराच्या रस्त्यावरून आत, डांबर संपल्यावरही बराच वेळ हाडं खिळखिळी करून घेतल्यावर येतं. गावात एक फलज आहे. फलज म्हणजे आपला पाटच म्हणा. डोंगराच्या पोटात पाणी लागतं, तिथून भुयारातून ते उतरत येतं, गावाच्या वरच्या अंगाला उघड्यावर निघतं आणि खजुरीच्या बागांना पाळीपाळीने मिळतं. कुणाची पाळी केव्हा आणि किती, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. वाटा वारसाने येतो, विकता येतो, दानही देता येतो. मंडळीचा एक कारभारी असतो. पाळ्या तो लावतो आणि पाळ्यांवरून होणारी भांडणंही तोच मिटवतो.

इथले कारभारी सत्तरीच्या पुढचे, पाठ ताठ, आवाज बारीक. आम्हाला बसवायच्या आधी ते पाणी बाहेर येतं तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "प्या." मी विचारलं, "इथून कुणीही पिऊ शकतं?" वकिलाने अरबीत सांगितलं. कारभाऱ्यांना प्रश्नच कळेना. त्यांनी पुन्हा विचारून घेतला आणि म्हणाले, "ज्याला तहान लागलीय तो." मला हसू आलं आणि जरा रागही आला, त्यांचा नव्हे, माझाच. आमच्या गावात माझ्या आजीला विहिरीवर हात लावता येत नसे, वरून कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. तो प्रश्न माझ्या जिभेवर जन्मापासून बसलाय, डिग्री घेऊन उठला नाही, त्याला मी काय करू? प्यायले. पाणी कोमट होतं आणि चवीला थोडं खारट.

मग मजलिसमध्ये बसलो. मजलिस म्हणजे गावाची बैठकीची खोली, भिंतीला टेकून गाद्या, मध्ये खजूर आणि कॉफी. मसुद्यातली अट साधी होती. स्वतःच्या नावावर पाण्याचा वाटा असलेली आणि गावातच राहणारी मोठी माणसं एका ठरावीक संख्येएवढी भरली, तर मंडळीची संस्था होणार. नाही भरली, तर मंडळी खलास. आम्ही मोजायला बसलो. अर्ध्या लोकांचे मुलगे मस्कतला नोकरीला, वाटे बापाच्या नावावर, आणि बाप काही जणांचे गेलेले. मोजून झालं. एक माणूस कमी.

कारभारी म्हणाले, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. एक कमी तो कमीच.

"म्हणजे पाणी बंद होणार?" त्यांनी विचारलं.

"नाही, नाही," वकील म्हणाला, "पाणी येतच राहील. फक्त पाळ्या खाली खोऱ्यातल्या ऑफिसात ठरतील."

"माझ्या बागेला पाणी कधी सोडायचं, ते मला खालून फोन करून सांगणार?"

"फोन नाही, मेसेज येईल."

मला त्याला चिमटा काढावासा वाटला.  कारभाऱ्यांनी हातातला खजूर परत ताटात ठेवला. मी आपली सवयीने मराठीतच पुटपुटले, "आता आली का पंचाईत!"

"बाय, तू मराठी काय?"

मी उडालेच. दाराजवळ, चपलांच्या शेजारी, डोक्याला फडकं बांधलेला, रापलेला, साठीचा माणूस बसला होता. मी त्याला तिथलाच समजले होते. वाकून पुढे आला आणि कोकणी मुसलमानांच्या बोलीत धडाधडा सुरूच झाला. रत्नागिरीच्या खाडीकाठचा. तरुणपणी सूरला लाकडी होड्यांच्या कामावर आलेला. "पन बाय, मना दर्या लागायचा. खाडीवर जन्मलेला मानूस मी, आनि होडीत पाय ठेवला का उलट्या! लोकां हसायची. मग ह्या अर्बाबने हितं आनला." हा अर्बाब, म्हणजे मालक, हेच कारभारी. तेव्हापासून फलज साफ करणं, भुयारात उतरून गाळ काढणं, पाळीप्रमाणे दारं उघडणं आणि बंद करणं हेच काम. तोंडाने अखंड बढाई. मी नसतो तर ह्या गावात खजूर नाय, खजुराची बी पन नाय. मी त्यांना चाचा म्हणू लागले, ते मला आधी बाय म्हणाले होते ते बदलून, माझं ऑफिस कळल्यावर, मॅडम म्हणू लागले, आणि मग पुन्हा बायवरच आले.

आणि चाचा चालले होते घरी. कायमचे. पुढल्या शुक्रवारचं तिकीट होतं, तेही अर्बाबने काढून दिलेलं. आमची कॉफीची सुट्टी झाली तशी मला हाताला धरल्यासारखं करून त्यांनी खोलीवर नेलं. दोरीने करकचून बांधलेली खोकी, त्यांवर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. जाड ब्लँकेटं, दुधाची पावडर, अत्तरं आणि बायकोसाठी गुडघे शेकायचं एक विजेचं मशीन.

"गुडघे हायत तिचे," ते म्हणाले. "रोज फोनवर बोलतंय, येवा आता, येवा आता. किती वरसां बोलतंय! मी बोलतो, पुडच्या साली. आता खलास. आता मी तिला बोललो, ह्या टायमाला येतो ता जात नाय."

हे सांगताना माणूस इतका खूश होता की माझाही चेहरा उगाचच हसरा झाला. मी फार लोकांच्या सुखदुःखात शिरत नाही, माझा तो स्वभाव नाही. पण माणूस आपल्या गावाचं नाव घातलेली खोकी दाखवतो तेव्हा बघावं लागतं.

परत मजलिसमध्ये आलो तर कारभारी आणि वकील यांची डोकी एकमेकांना लागलेली. कारभाऱ्यांनी तोड काढली होती.

या फलजात एक वाटा कुणाच्याच नावावर नाही. तो पाहुण्यांचा. त्या पाळीच्या पाण्यावर जी खजुरीची झाडं वाढतात, त्यांचा खजूर फक्त या बैठकीत, आल्यागेल्यासाठी. कारभाऱ्यांचं म्हणणं असं, की पाहुण्यांचा वाटा एखाद्या पाहुण्याला द्यायला गावाला कोण अडवणार? आणि या गावात इतकी वर्षं राहिलेला दुसरा पाहुणा कोण आहे? त्यांनी चाचांकडे बोट केलं. वकिलाने मसुदा उलटसुलट करून बघितला. त्यात राहणारा माणूस म्हटलं होतं, कुठला ते म्हटलं नव्हतं. सगळ्या वाटेकऱ्यांनी एकमताने वाटा दिला तर चालेल, तो म्हणाला. फक्त तो माणूस गावात राहायला हवा. पुढची तपासणी होईपर्यंत तरी.

"कधी होईल?" मी विचारलं.

"एक-दोन वर्षं. इन्शाल्ला."

एक-दोन वर्षं!  ते काय असतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

कारभारी चाचांशी फार चांगलं बोलले, हे मी मुद्दाम सांगते. दरडावलं नाही, उपकार मोजले नाहीत. म्हणाले, "तुझी खोकी बांधून झालीयत हे मला माहीत आहे. तू जाणार असशील तर मी स्वतः तुला विमानतळावर सोडायला येईन. पण राहशील तर पाण्याचा वाटा तुझा, कायमचा, आणि कागदपत्रांचं सगळं मी बघतो. तू एक माणूस राहिलास तर फलज गावात राहतो." आणि मग ते थांबले. मजलिसमधली सगळी माणसं चाचांकडे बघत होती.

 मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. ज्याचं मीठ खाल्लं, ज्याने तिकीट काढून दिलं, त्याला त्याच्याच घरात, चार लोकांदेखत नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हणायचं तर ती बांधलेली खोकी? त्यांनी फडक्याने तोंड पुसलं, खाली बघितलं आणि अरबीत म्हणाले, "घरात विचारून सांगतो."

मी ओठ दाबून हसले. अहो, हे तर आपलंच! आपल्याकडे सभ्य माणूस दुसरा कसा नकार देतो? स्थळ पसंत नाही, घरात विचारून सांगतो. भागीदारी नको, घरात विचारून सांगतो. पतपेढीच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही, घरात विचारून सांगतो. समोरचाही शहाणा असतो, तो चहा पितो, उठतो आणि पुन्हा विचारत नाही. घरात कुणी कुणाला विचारत नाही. माझे वडील या एका वाक्यावर आयुष्यभर गावात सगळ्यांचे लाडके राहिले, आणि आपल्या नावावर किती नकार गेले हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. सापही मरतो आणि काठीही मोडत नाही.

पण ते समोरच्याला माहीत असायला हवं. कारभाऱ्यांच्या डोळ्यांत एकदम पाणीच आलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाले, "बघा, बायकोला विचारल्याशिवाय शब्द देत नाही. असा माणूस." मग चाचांना म्हणाले, "बरोबर आहे तुझं. विचार. आत्ताच विचार, आम्ही बसलोय."

यल्ला, यल्ला, म्हणजे चला चला, असं दोघं-तिघं म्हणाले. कुणीतरी पाण्याचा तांब्या मधून उचलून बाजूला केला, फोन ठेवायला जागा म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मी खांदे उडवले.

व्हिडिओ कॉल लागला. आधी नुसता फिरणारा पंखा दिसला, मग कपाळ, मग चाची. गोल चेहरा, ओढणी घट्ट, आणि आवाज असा की फोनची गरजच नव्हती. सगळ्या मजलिसला त्यांनी सलाम केला. सगळ्यांनी परत केला. चाचांनी फोन हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. कारभाऱ्यांना हिंदी थोडीफार कळते, आपली मराठीही अंदाजाने, त्यामुळे चाचांना उघड काही बोलता येईना. पण बोलण्यात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं विष घातलं.

"हितली लोकां बोलतायत, राहा. दोन वरसां बोलतायत, पन दोनाची पाच पन होतील. मग मी येन का नाय, अल्ला जाने. तुझे गुडघे हे असले. तू एकटी. मना कायच कळत नाय. मी बोललो, घरात विचारून सांगतो."

इतकं सांगून ते थांबले. मी मनात म्हटलं, वा चाचा, पानात वाढून दिलंत की! आता तिने फक्त नाही म्हणायचं.

 पंख्याचा आवाज येत होता. चाचांना धीर निघेना. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "ह्या ऑफिसच्या मॅडम हायत, आपल्याकडच्या. त्या सांगतील तुला नीट." आणि फोन देताना माझ्याकडे असं बघितलं, की काय सांगायचं ते मला बरोबर कळावं.

कळलं. पण मी तिथे नोकरीवर होते, आणि शेजारी वकील बसला होता. मी होतं तसंच सांगितलं. गावाला एक माणूस कमी पडतोय. हे राहिले तर पाण्याची मंडळी टिकेल. पण राहायलाच हवं असं कुणाचं म्हणणं नाही, आले तरी कुणी रागावणार नाही. तुम्ही दोघं ठरवा.

"ह्यांच्या मनात काय हाय, बाय?" चाचींनी मला विचारलं.

मी फोन चाचांकडे वळवला. आता तरी बोलतील असं मला वाटलं. बोलायचं काय होतं? मना यायचा हाय, एवढंच. कारभाऱ्यांना कळलं असतं तर कळलं असतं! पण पुरुष तो पुरुष, आणि त्यातून कोकणातला.

"माझा काय," चाचा म्हणाले. "तू सांगशील तसां."

चाचींचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग राहा ना! इतकी वरसां काढलीत, अजून दोन काढा. हितं येऊन काय करनार हाव? मागल्या सुट्टीत आलात, तर आठवड्यात दारात बसून रस्ता बघत होतात. तुमचा जीव तिकडंच हाय, मना काय ठावं नाय? आनि ती मागली खोली पोराने घेतलीय आता, त्याचा पलंग नि कपाट केलाय. तुमी येनार म्हनून मी त्याला सांगनारच होते, हलव म्हनून. आता नको सांगायला. माझी नका काळजी करू. मना सवय हाय." आणि मग, सगळे ऐकतायत हे लक्षात येऊन, त्या मोठ्यांदा हसल्या आणि गल्फातल्या नवऱ्याकडून इतक्या वर्षांत शिकलेलं अरबी बोलल्या, "माफी मुश्किल! खलास!"

काही अडचण नाही. हे मात्र भाषांतर न करता सगळ्या मजलिसला कळलं. एकच हशा झाला. अल्हम्दुलिल्लाह, अल्हम्दुलिल्लाह. कारभारी उठले, त्यांनी चाचांना उठवलं, इथल्या रीतीने नाकाला नाक लावलं, मिठी मारली आणि सोडलीच नाहीत. म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडत होता. फोनमध्ये चाचीही हसत होत्या, ओढणीचं टोक तोंडाला लावून. मग त्यांच्याकडे दारावर कुणीतरी आलं आणि त्यांनी घाईने कॉल बंद केला.

वकिलाने चाचांचं ओळखपत्र मागून घेतलं. वाटेकऱ्यांनी एकेक करून मान्यता दिली. मी माझ्या शिफारशीत लिहिलं, संख्या पूर्ण, मंडळी बरखास्त करू नये, संस्थेत रूपांतर करावं. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. या कामात बहुतेक वेळा मी मोडायचंच लिहिते. एक तरी फलज आपल्या हाताने राहिला, असं वाटलं. आणि चाचांसाठी इतकं वाईट वाटलं की माझं जेवणावरून मन उडालं. पाहुण्यांसाठी भाताची परात आली होती. चाचा वाढत होते, सगळ्यांचे हात त्यांच्या पाठीवर पडत होते, आणि ते प्रत्येकाला हसून काहीतरी उत्तर देत होते.

निघायच्या वेळी एका बागेची पाळी संपत आली होती. चाचा फावडं घेऊन निघाले, मी बरोबर गेले. वकील गाडी वळवत होता. पाटाच्या दाराशी चाचा उकिडवे बसले, पहिल्या बागेच्या तोंडात दगड आणि चिंध्या घालून वर चिखल थापला, दुसरीचं तोंड मोकळं केलं. पाणी वळलं. बढाई नाही, काही नाही. 

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चाचा, तिकिटाचे पैसे परत मिळतील. नाहीतर तारीख बदलून देतात."

त्यांनी मान हलवली. हाताला लागलेला चिखल पाटात धुतला, दोन्ही बाजूंनी, नखांतूनसुद्धा. मग उठायला गेले आणि न उठता तसेच बसले.

"मना वाटला," ते म्हणाले, "भांडेल तरी."